सर्वज्ञ राजाचा शस्त्रविनोद

कल्याण म्हटले की मुंबईजवळचे जंक्शन डोळ्यांपुढे येते. चालुक्यांचे कल्याण ते नव्हे. ते बीदर जिल्ह्यातले, आजचे बसवकल्याण. सहाव्या विक्रमादित्याने तेथून पन्नास वर्षे राज्य केले. कवी बिल्हण त्याच्या पदरी होता, मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वरही त्याच्याच आश्रयाला होता. अशा पराक्रमी बापाच्या गादीवर ११२६ च्या सुमारास तिसरा सोमेश्वर बसला. भूलोकमल्ल आणि सर्वज्ञ ही त्याची बिरुदे.

इतिहासकार त्याला फारसे गुण देत नाहीत. दक्षिणेत होयसळ विष्णुवर्धन शिरजोर होत असता हा ग्रंथ लिहीत बसला, असा त्याच्यावर आक्षेप. तो ग्रंथ म्हणजे मानसोल्लास. शके १०५१ च्या सुमाराचा, शंभर अध्यायांचा. श्रीगोंदेकरांनी संपादिलेला हा ग्रंथ आपल्या बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत १९२५, १९३९ आणि १९६१ अशा तीन खंडांत निघाला. कांडण करताना महाराष्ट्रातील बायका ओवी गातात, ही नोंद त्यातलीच.

त्यात राजाचे वीस विनोद सांगितले आहेत. गीत, वाद्य, नृत्य हे आमचे विषय शेवटाकडे येतात. पहिला मान शस्त्रविनोदाचा. राजाने आपले शस्त्रकौशल्य सभेला दाखवायचे, आणि त्यात धनुष्य आलेच. विनोद हा शब्द हलका, काम मात्र जड. राजाचा बाण चुकला तर हसण्याची कोणाची छाती नाही, पण पाहणारे सगळेच!

तिरंदाजांना जडणारा एक विकार आहे. मुरलेल्या हातालाही तो सोडीत नाही. बाणाचे टोक लक्ष्यावर येण्याचा अवकाश, की दोरी कानापर्यंत येण्याआधीच बोटांतून निसटते. नाही तर हात लक्ष्याच्या वीतभर खाली अडकून बसतो, वर म्हणून सरकत नाही. दृष्टी शाबूत, बळही शाबूत. लक्ष्य तेवढे समोर नको! तार षड्ज जवळ आला की काही गाणाऱ्यांचा श्वास आधीच तुटतो, तो याच जातीचा. तेथे जोर करून भागत नाही. तार सप्तक काही महिने बंद ठेवून पुन्हा खर्ज भरावा लागतो. धनुर्धराचा उपायही तोच: लक्ष्य काढून टाकायचे, हलके धनुष्य घ्यायचे, गवताच्या भाऱ्यापासून चार पावलांवर उभे राहून, डोळे मिटून नुसते ओढणे आणि सोडणे घोटायचे. हात निवला की लक्ष्य परत आणायचे, तेही मोठे आणि जवळचे.

आपल्या धनुर्वेदाची मांडणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. आधी उभे राहण्याची स्थाने, मग मुठी, मग ओढ, लक्ष्य त्यानंतर. तेही आधी स्थिर, मग चल. वासिष्ठ धनुर्वेदात तर पहिला वेध फुलाचा, आणि तोही बिनपात्याच्या बाणाने. चुकला तरी काय जाते?

सोमेश्वराने बापाचे चरित्रही लिहायला घेतले होते, विक्रमांकाभ्युदय. ते अपूर्णच हाती येते. मला यात नवल वाटत नाही. ते लक्ष्य फार मोठे होते, आणि सारे कल्याण पाहत होते. मानसोल्लासात बाप समोर नाही. तेथे हत्ती, घोडे, मल्ल, कोंबडे, पाकशाळा, वीणा, जे जे रोज हाताखालून गेले ते एकेक पायरीने सांगितले आहे, आणि शंभरही अध्याय पुरे झाले आहेत. अशा माणसाला दुबळा म्हणणे मला पटत नाही.

११३८ च्या सुमारास तो वारला. पुढे पंचवीस वर्षांच्या आतच कल्याण कलचुरी बिज्जळाच्या हाती गेले.