ब्रूस मॅकलारेन : सुट्या भागांतून घडलेले आयुष्य

मॅकलारेन हे नाव आज फॉर्म्युला वन शर्यतींच्या चाहत्यांना सुपरिचित आहे. मात्र त्याची मुळे न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराच्या रेमुएरा उपनगरात, एका साध्या मोटार गॅरेजमध्ये आहेत.

ब्रूस मॅकलारेन यांचा जन्म ३० ऑगस्ट १९३७ रोजी झाला. वडील लेस यांचा पेट्रोल पंप व मोटार दुरुस्तीचा व्यवसाय होता. नवव्या वर्षी ब्रूस यांना पर्थीस हा खुब्याचा विकार जडला. सुमारे दोन वर्षे उपचारांत गेली आणि डावा पाय कायमचा आखूड राहिला. मैदानी खेळांची वाट बंद झालेल्या या मुलाला गॅरेजने आधार दिला.

पुढे लेस यांनी १९२९ सालची ऑस्टिन सेव्हन अल्स्टर ही जुनी स्पोर्ट्स कार विकत घेतली. घरी आली ती सुट्या भागांच्या रूपात. ७४७ सीसीचे इंजिन, गिअर, ब्रेक असा एकेक भाग साफ करून, पारखून, बापलेकांनी ती पुन्हा उभी केली. प्रत्यक्ष चालवल्यावर लेस यांना ती धोकादायक वाटली. ते विकायला निघाले, तेव्हा ब्रूस यांनी आग्रहाने ती ठेवून घेतली. १९५२ मध्ये मुरिवाई येथील चढणीच्या स्पर्धेत ते याच गाडीतून उतरले.

यंत्र स्वतःच्या हातांनी खोलून समजून घ्यायचे, हा संस्कार आयुष्यभर टिकला. १९५८ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते युरोपात गेले. पुढच्याच वर्षी, वयाच्या २२व्या वर्षी, कूपर संघाकडून त्यांनी अमेरिकन ग्रां प्री जिंकली. १९६३ मध्ये स्वतःचा संघ स्थापन केला. १९६६ मध्ये ख्रिस एमन यांच्या साथीने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली, तर १९६८ मध्ये स्वतःच्या नावाच्या गाडीतून बेल्जियन ग्रां प्री.

संघाचे मालक झाल्यावरही नव्या गाडीची चाचणी ते स्वतः घेत. २ जून १९७० रोजी इंग्लंडमधील गुडवुड येथे अशाच चाचणीत, भरधाव गाडीचा मागील आवरणाचा भाग निखळला. ताबा सुटून झालेल्या अपघातात वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

सहकाऱ्यांनी संघ बंद पडू दिला नाही. लेस यांनी विकायला काढलेली ती छोटी ऑस्टिन आज मॅकलारेन कंपनीने इंग्लंडमध्ये जतन केली आहे.