म्हाइंभटांची निर्भय जिज्ञासा

भय हा विकार जीवाला नाना रूपांनी वेढतो. चोराचे, श्वापदाचे, राजसत्तेचे भय कोणालाही ओळखू येते. परंतु विद्वानाच्या ठायी जे भय वसते ते सहसा भय म्हणून ओळखले जात नाही, कारण ते अभिमानाचे वस्त्र पांघरून हिंडते. आपणांस ठाऊक नाही हे चारचौघांत उघड होईल, एवढेच त्या भयाचे स्वरूप. पण त्यापायी कितीएक पंडित जन्मभर जिज्ञासेला मुकतात. लीळाचरित्रकार म्हाइंभट हे याच भयातून पार झालेले पुरुष होत.

म्हाइंभट सराळ्याचे. यादवांच्या राज्यकाळात, इसवी सनाच्या तेराव्या शतकात, त्यांनी गणपती आपयो यांच्यापाशी शास्त्राध्ययन केले. घरी संपत्ती होती, बुद्धी तीव्र होती आणि वादात त्यांच्यापुढे टिकणारे थोडे होते. अन्य पंडित आपणांस तृणवत् आहेत हे जगास कळावे म्हणून ते पायी गवताचे बिरुद बांधीत आणि दिवसा दिवटी लावून चालत, असे परंपरा सांगते. या आडंबराचे आज हसू येते. पण ज्याला आपल्या विद्येचा पूर्ण भरवसा असतो त्याला दिवसा दिवटी कशाला हवी? बिरुद जितके मोठे तितके ते उतरण्याचे भयही मोठे, आणि ते भय झाकण्यासाठी पुन्हा नवा वाद, नवा जय हवाच.

सर्वज्ञ श्रीचक्रधरप्रभू गोदातीरी डोमेग्रामी असताना म्हाइंभट त्यांच्याशी वाद करावयास आले. आले ते जिंकण्यासाठी. परंतु सर्वज्ञांच्या निरूपणापुढे त्यांची शास्त्रे निरुत्तर झाली. अशा प्रसंगी पराभूत पंडितास दोन सोप्या वाटा असतात. समोरच्यास पाखंडी म्हणून निघून जाणे ही एक, आणि झाले ते झालेच नाही असे म्हणून पुढच्या गावी पुन्हा दिवटी पेटविणे ही दुसरी. म्हाइंभटांनी यांपैकी एकही धरली नाही. जो वादी होऊन आला होता तो पुसणारा होऊन राहिला.

तथापि अनुसरण लगेच घडले नाही, आणि ही गोष्ट झाकण्याचे कारण नाही. वैभव, घरदार, लौकिक हे एका दिवसात सुटत नाही. सर्वज्ञांनी उत्तरापंथे बीजे केल्यावर म्हाइंभट रिद्धपुरी आचार्य श्रीनागदेवांपाशी आले आणि त्यांच्यापासून त्यांनी दीक्षा घेतली. ज्याच्या दारी याचक येत त्याने झोळी घेऊन परक्या दारी उभे राहावे, आणि तेही ओळखीच्या लोकांच्या देखत, यास किती धैर्य लागते हे भिक्षेस निघालेला प्रत्येक साधक जाणतो.

सर्वज्ञांच्या वियोगानंतर आचार्य एकान्तात बसून लीळांचे स्मरण करीत. ते पाहून म्हाइंभटांच्या मनात विचार आला की ज्यांनी सन्निधान अनुभवले त्यांना स्मरणाचा आधार आहे; पण जे पुढे अनुसरतील, ज्यांनी श्रीमूर्ती पाहिलीच नाही, त्यांनी कशाचे स्मरण करावे? प्रत्यक्षदर्शी एकेक करून जाणार होते आणि त्यांच्याबरोबर लीळाही जाणार होत्या. येथे म्हाइंभटांस खरे भय दिसले. पूर्वीचे भय स्वतःच्या मानाचे होते, हे परमार्गाच्या हानीचे. पहिल्याने दिवटी पेटविली होती. दुसऱ्याने हाती लेखणी दिली.

त्यांनी आचार्यांस विनंती केली. रिद्धपुराजवळच्या वाजेश्वरीत सहा महिने आचार्यांनी लीळा सांगितल्या आणि म्हाइंभटांनी त्या लिहून घेतल्या. जी लीळा आचार्यांनी स्वतः पाहिली नव्हती तिच्यासाठी, ज्याने ती पाहिली त्याच्याकडे म्हाइंभट अटन करीत गेले. कोणी महदाइसांसारखी प्रज्ञावंत होती, कोणी अक्षरशत्रू होते. वादसभेत ज्यांच्याकडे दृष्टीही टाकली नसती अशांच्या पुढे बसून या शास्त्र्याने पुसले: कोठे, केव्हा, कोणासमक्ष, कोणत्या शब्दांत? ऐकले तसेच उतरले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्यात आपल्या पांडित्याची भर घालण्याचा मोह आवरणे हे वाद जिंकण्यापेक्षा कठीण होय. सुमारे १२७८ च्या सुमारास, म्हणजे शके १२०० च्या आगेमागे, हा ग्रंथ आकारास आला असे मानतात.

संस्कृत त्यांच्या जिभेवर होते. ग्रंथ मात्र त्यांनी मराठीत लिहिला. आचार्यांनी पुढे केशोबासांसही संस्कृताचा आग्रह धरू दिला नाही, कारण त्यामुळे म्हाताऱ्याकोताऱ्या वंचित राहिल्या असत्या. त्या काळी पंडितसभेत मराठी गद्याला मान नव्हता. आपल्या तोलाचे लोक काय म्हणतील, ही चिंता म्हाइंभटांनी डोमेग्रामीच सोडली होती.

लीळाचरित्रात भक्तांचे प्रेम आहे तसे त्यांचे प्रमादही आहेत. सर्वज्ञांनी कोणास कसे निवारिले तेही आहे. आणि विशेष हे की, ज्या भेटीत आपले बिरुद उतरले ती भेटही म्हाइंभटांनी गाळली नाही. लेखणी त्यांच्याच हाती होती. दोन ओळी सौम्य केल्या असत्या तर विचारणारा कोण होता? ग्रंथाच्या प्रामाण्याचा याहून मोठा पुरावा शोधण्याची गरज नाही. दुसऱ्यांचे दोष लिहिणारे पुष्कळ असतात; आपला पराभव जगापुढे ठेवणारा चरित्रकार विरळा.

पुढे श्रीगोविंदप्रभूंचे चरित्रही त्यांनीच लिहिले. चौदाव्या शतकाच्या प्रारंभी खालशाच्या धाडीत लीळाचरित्राची मूळ पोथी हरवली. परंतु तोवर लीळा अनेकांच्या मुखी बसल्या होत्या. हिराइसांनी, रामेश्वरबासांनी, परशरामबासांनी त्या आठवून सांगितल्या, आणि जेथे एकाचा पाठ दुसऱ्याशी जुळला नाही तेथे तो भेद झाकून न ठेवता ज्याच्या त्याच्या नावानिशी वासना म्हणून नोंदविला गेला.