डॉ. वॉन्लेस : क्षयरुग्णांसाठी छप्पर उभारणारा शल्यविशारद

गोव्याच्या जुन्या पिढीला मिरज हे गाव दोन कारणांनी ठाऊक होते. मुरगावहून निघालेली मीटरगेज गाडी दूधसागरचा घाट चढून लोंढ्याला पोहोचायची आणि पुढे बेळगावमार्गे मिरजेला जायची. त्या गाडीत कोणी तंबोरा आणायला निघालेला गवई असे, तर कोणी घोंगडीत गुंडाळलेला रुग्ण आणि त्याच्यासोबत भांडीकुंडी घेऊन निघालेले कुटुंब असे. घरातला आजार गावच्या वैद्याच्या आणि शहरातल्या डॉक्टरच्या आवाक्याबाहेर गेला, की मिरजेला नेण्याचा विचार होई. मिरज म्हणजे मिशन हॉस्पिटल, आणि मिशन हॉस्पिटल म्हणजे डॉ. विल्यम जेम्स वॉन्लेस, हे समीकरण कोकणापासून कर्नाटकाच्या पठारापर्यंत रुजले होते.

वॉन्लेस यांची ख्याती शस्त्रक्रियेची. मोतीबिंदू काढून हजारोंना दृष्टी देणारा डॉक्टर म्हणूनच त्यांचे नाव घेतले जाते. परंतु सांगली आणि मिरज यांच्या मध्ये त्यांच्या नावाने वसलेली वानलेसवाडी वेगळ्या कामाची साक्ष देते. ज्या रोगावर त्यांच्या हातातल्या शस्त्राचा फारसा उपयोग नव्हता, त्या क्षयाच्या रुग्णांसाठी तेथे आरोग्यधाम उभे राहिले. आज त्या कामाचे स्मरण अधिक अगत्याने करायला हवे.

विल्यम वॉन्लेस यांचा जन्म १ मे १८६५ रोजी कॅनडातील ओंटारिओ प्रांतात झाला. न्यूयॉर्कमध्ये वैद्यकीचे शिक्षण पूर्ण करून १८८९ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे पत्नी मेरीसह भारतात आले. प्रथम सांगलीत त्यांनी लहानसा दवाखाना चालवला. पुढे लवकरच त्यांनी मुक्काम मिरजेला हलवला. मिरज रेल्वेचे जंक्शन होते. पुणे, कोल्हापूर आणि बेळगाव या तिन्ही दिशांनी माणसे तेथे येऊ शकत होती. रुग्णालय कोठे असावे, याचे उत्तर त्यांनी रुग्णाच्या प्रवासाच्या सोयीवरून शोधले.

१८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय सुरू झाले. त्याच्या इमारतीसाठी फिलाडेल्फियाचे जॉन कॉन्व्हर्स यांनी मोठी देणगी दिली. रेल्वेची इंजिने बनवणाऱ्या कारखान्याचे ते एक प्रमुख होते. ज्या आगगाड्यांनी रुग्ण मिरजेला येत, त्या उद्योगातल्याच पैशाने त्यांच्यासाठी भिंती उभ्या राहाव्यात, हा योगायोग मोठा सुंदर आहे. १८९७ मध्ये वॉन्लेस यांनी रुग्णालयाला जोडून वैद्यकीय शाळा काढली आणि देशी तरुणांना शिकवून तयार केले. १९०० मध्ये कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उभे राहिले. ही सारी वर्षे दख्खनला प्लेग आणि दुष्काळ यांनी पोळून काढणारी होती. १९०६ मध्ये पत्नी मेरी यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या नावाचे रुग्णालय कोल्हापुरात झाले. त्यासाठी जागा देणारे छत्रपती शाहू महाराज वॉन्लेस यांचे स्नेही होते.

वॉन्लेस धर्मप्रचारक संस्थेचे डॉक्टर होते, ही गोष्ट झाकण्याचे कारण नाही. रुग्णसेवा आणि ख्रिस्ती धर्माचा प्रसार ही दोन्ही आपली कर्तव्ये आहेत, असे ते मानत. त्यावर त्या काळीही मतभेद होते. तरीही त्यांच्याकडे येणाऱ्यांत बहुसंख्य लोक हिंदू आणि मुसलमान होते. ते आले, बरे झाले आणि आपापल्या धर्मानिशी घरी परतले.

क्षयाची गोष्ट मात्र निराळी होती. आपल्याकडच्या सुशिक्षित घरांनाही त्या रोगाने किती हतबल केले होते, याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी यांचे आहे. अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, क्षयाने गेल्या. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधून काढला होता. शत्रू दिसला होता, पण त्याला मारणारे औषध पुढची साठ वर्षे मिळायचे नव्हते. डॉक्टरांच्या हाती मोकळी हवा, विश्रांती, दूध, अंडी आणि सकस अन्न एवढीच साधने होती. आणि रुग्णाला इतरांपासून दूर ठेवणे हा कुटुंबाला वाचवण्याचा उपाय होता.

येथेच सारे घोडे अडत असे. रुग्णाला दूर ठेवा, हे सांगणे सोपे, ठेवायचे कोठे? एका खोलीच्या घरात दहा माणसे राहत असतील, तर स्वतंत्र खोली कोठून आणायची? गावाबाहेर झोपडी घालून दिली, तर तेथे अन्न कोण पोहोचवणार? कमावता पुरुष महिनोन्महिने खाटेवर पडला, तर चूल कशी पेटणार? सुनेला क्षय झाला की तिला माहेरी पाठवून देणारी घरे काही थोडीथोडकी नव्हती. श्रीमंतांना वाट होती. दार्जिलिंग, भोवाली, पाचगणी अशी हवेची ठिकाणे होती. त्याहून सधन असलेल्यांना स्वित्झर्लंड होते. जवाहरलाल नेहरूंच्या पत्नी कमला नेहरू आधी भोवालीला आणि नंतर युरोपात उपचार घेत राहिल्या, तरी १९३६ मध्ये लोझान येथे त्यांचा अंत झाला. पैशानेही जीव वाचेलच असे नव्हते. मग ज्यांच्याजवळ पैसा नव्हता, त्यांची अवस्था काय असेल?

या प्रश्नाची जाणीव देशात हळूहळू होत होती. अजमेरजवळ तिलौनिया येथे १९०६ मध्ये मिशनने क्षयरुग्णांसाठी मोकळ्या हवेचे आरोग्यधाम काढले. समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांनी दयाराम गिदुमल यांच्या साथीने १९०९ मध्ये सिमल्याच्या वाटेवरील धरमपूर येथे क्षयरुग्णांसाठी निवास उभारले आणि त्यासाठी संस्थानिकांपासून सामान्यांपर्यंत सर्वांकडे हात पसरले. मदनपल्लीजवळ आरोग्यवरम येथे अनेक मिशनांनी एकत्र येऊन १९१५ मध्ये मोठे आरोग्यधाम चालू केले. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात वॉन्लेस यांच्या प्रयत्नाने मिरज-सांगली परिसरालाही असे आरोग्यधाम मिळाले. त्याभोवती जी वस्ती झाली, तिला लोकांनी आपसूकच वानलेसवाडी म्हटले.

शस्त्रक्रियेचे रुग्णालय आणि क्षयाचे आरोग्यधाम यांचा हिशेब अगदी वेगळा असतो. मोतीबिंदूचा रुग्ण काही दिवसांत डोळ्यांवरची पट्टी सोडून घरी जातो. त्याच खाटेवर वर्षभरात अनेकजण बरे होतात. क्षयाचा रुग्ण एकच खाट सहा महिने, वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ अडवून बसतो. त्याला औषधापेक्षा अन्न जास्त लागते. तो कमवत नाही, आणि त्याच्या मागे राहिलेले कुटुंबही बहुधा कर्जात बुडत जाते. म्हणजे इमारतीला एकदा देणगी मिळवून भागत नाही. रोजच्या दुधाची, धान्याची, परिचारिकांच्या वेतनाची तजवीज वर्षानुवर्षे करावी लागते. इमारतीच्या कोनशिलेवर नाव कोरून घेणारे दाते सहज भेटतात. दुधाच्या रतिबावर कोणाचे नाव कोरता येत नाही. म्हणून त्या काळी बहुतेक आरोग्यधामांनी एकेका खाटेचा वर्षाचा खर्च एकेका दात्याकडे सोपवण्याची, आणि ऐपतदार रुग्णांच्या शुल्कातून गरिबांचा भार उचलण्याची रीत स्वीकारली होती.

मिशनच्या रुग्णालयांत आणखी एक प्रथा होती, आणि ती आपल्या लोकांच्या स्वभावाला धरून होती. रुग्ण एकटा येत नसे. आई, बायको, भाऊ, कधी सारे घर सोबत येई. परक्याच्या हातचे खायचे नाही, असा नियम बऱ्याच घरांत होता. त्यामुळे आवारातच चुली मांडून नातेवाईक स्वयंपाक करीत. परदेशी डॉक्टरांना ही गर्दी प्रथम गैरसोयीची वाटे. पुढे तीच उपचाराला हातभार लावते, हे त्यांना उमगले. मात्र क्षयाच्या बाबतीत सोबतीची माणसे सुरक्षित अंतरावर कोठे राहतील, हाही प्रश्न रुग्णाच्या खाटेइतकाच महत्त्वाचा ठरे.

मिरजेला येणारी माणसे किती दूरची असत, हे समजण्यासाठी रेल्वेचा नकाशा पाहावा. १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचा छोटा रूळ पंढरपूरहून मिरजेपर्यंत पोहोचला. कुर्डुवाडीला तो मुंबई-रायचूर मार्गाला मिळत होता, आणि त्याच मार्गावर सोलापूरच्या पुढे गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी. बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे तेव्हा निजामाच्या राज्यात होते. मराठी आणि कन्नड तेथे एकाच अंगणात नांदत होत्या, आजही नांदतात. क्षयरोगासाठी हैदराबाद संस्थानाचे विकाराबादजवळील अनंतगिरीचे आरोग्यधाम १९४०च्या दशकात झाले. तोपर्यंत त्या मुलखातल्या गरीब रुग्णाला आसरा मिळवायचा, तर दूरचा प्रवासच करावा लागे.

वॉन्लेस यांना सरकारने कैसर-ई-हिंद पदक दिले आणि १९२८ मध्ये सर हा किताब दिला. त्याच सुमारास जवळजवळ चाळीस वर्षांच्या सेवेनंतर ते निवृत्त होऊन अमेरिकेत गेले. ३ मार्च १९३३ रोजी कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल येथे त्यांचे निधन झाले. क्षयावरचे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, त्यानंतर दहा वर्षांनी सापडले. ज्या रोग्यांसाठी त्यांनी छप्पर मिळवून दिले, त्यांना बरे करणारी गोळी त्यांनी कधी पाहिली नाही.

पुढे औषधांनी आरोग्यधामांचे युगच संपवले. मद्रास येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासाने तीन वर्षांत एक मोठी गोष्ट सिद्ध केली. दाटीवाटीच्या घरात राहून औषधे घेणारे गरीब रुग्ण आणि आरोग्यधामात चांगले अन्न व विश्रांती मिळालेले रुग्ण जवळपास सारख्याच प्रमाणात बरे झाले. घरच्या माणसांना होणारा धोकाही घरी उपचार घेतल्याने वाढला नाही. जगभरची धोरणे त्यानंतर बदलली. योग्य औषधे सुरू झाली की काही आठवड्यांत संसर्गाची शक्यता खूप कमी होते. त्यामुळे आज रुग्णाला वर्षभर गावाबाहेर ठेवण्याचे कारण उरलेले नाही, आणि कोणी तसे करू पाहील तर तो अन्याय ठरेल.

मग वॉन्लेस यांच्या कामाचा आज काय उपयोग? उत्तर आपल्या दारातच उभे आहे. गोव्याच्या बांधकामांवर, मासळीच्या धक्क्यांवर आणि उद्योग वसाहतींत राबणाऱ्यांत उत्तर कर्नाटकातून आलेले असंख्य मजूर आहेत. कलबुर्गी आणि बीदरकडचेही त्यांत आहेत. एका भाड्याच्या खोलीत पाच-सहा जण राहतात. त्यांतल्या एकाला क्षय झाला, तर औषध सरकारी केंद्रात विनामूल्य मिळते. पण सुरुवातीचे ते काही आठवडे त्याने कोठे काढायचे? घरमालकाला कळले तर खोली जाते, मुकादमाला कळले तर काम जाते. म्हणून तो गाडी पकडून गावाकडे निघतो, वाटेत औषधांत खंड पडतो, आणि खंड पडला की साध्या औषधांना न जुमानणारा क्षय बळावतो. त्याचे उपचार अधिक लांब, अधिक खडतर.

केंद्र सरकारने एप्रिल २०१८ पासून नि-क्षय पोषण योजनेतून रुग्णांना दरमहा ५०० रुपये द्यायला प्रारंभ केला आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. २०२२ पासून नि-क्षय मित्र होऊन कोणीही व्यक्ती वा संस्था रुग्णाच्या अन्नाचा भार उचलू शकते. अन्नाचे मोल किती, हे झारखंडमधील अभ्यासाने २०२३ मध्ये दाखवून दिले. रुग्णाच्या घरच्यांना सकस शिधा दिल्यावर त्यांना क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. ही पावले मोलाची आहेत. मात्र अन्नाच्या जोडीला छप्पर लागते. एखादी धर्मशाळा, मंदिराची वा चर्चची रिकामी वास्तू, कामगार कल्याणाच्या निधीतून घेतलेल्या चार हवेशीर खोल्या आणि रोजचे दोन वेळचे जेवण एवढे काही आठवड्यांपुरते मिळाले, तरी रुग्णाला पळून जावे लागणार नाही. त्याच्यासोबत राहणारेही सुरक्षित राहतील.

रोग्याला दूर ठेवण्याचा हुकूम समाज देतो, तेव्हा त्या दूरच्या निवाऱ्याचे भाडेही समाजानेच भरायचे असते. सांगली-मिरज रस्त्यावरून जाताना वानलेसवाडीचा फलक दिसला, तर शंभर वर्षांपूर्वी कोणी तरी हे भाडे भरले होते, एवढे गोवेकरांनी आठवावे.