वैमानिका कै. प्रेम माथुर

निजामी राजवटीत नांदेड व लातूर ही दोन्ही गावे हैदराबाद संस्थानात मोडत असत. उच्च शिक्षण असो वा वरच्या कोर्टातील कज्जा असो, आपल्या मंडळींस हैदराबादच गाठावे लागे. त्याच हैदराबादेत १९४५ साली निजाम सरकार व टाटा यांच्या भागीदारीने डेक्कन एअरवेज ही कंपनी निघाली आणि तिच्या पदरी राहून श्रीमती प्रेम माथुर या भारतातील पहिल्या व्यावसायिक स्त्री-वैमानिक झाल्या. आपल्या घरांतून ही हकीकत फारशी ठाऊक नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

माथुरबाई विमानविद्या शिकल्या अलाहाबादेच्या फ्लाइंग क्लबात. १९४७ साली त्यांस व्यावसायिक परवाना मिळाला. परंतु परवाना हाती असून नोकरी मिळेना. एकामागून एक आठ कंपन्यांनी त्यांस परत पाठविले. स्त्री विमान चालवीत आहे असे कळल्यास उतारू भितील, ही सबब! अखेर डेक्कन एअरवेजने त्यांस सहवैमानिक नेमले. लेडी माउंटबॅटन, इंदिरा गांधी यांच्यासारख्या उतारूंना त्यांनी सुखरूप पोहोचविले. १९४९ साली राष्ट्रीय हवाई शर्यतही त्यांनी जिंकली.

वैमानिकाच्या गणवेशावरील पट्ट्या त्याचा हुद्दा सांगतात. विमानाचा सर्वाधिकारी कप्तान, त्यास चार. गणवेश मिळाला, पण हा अधिकार कंपनी बाईंस देईना. उड्डाणाचे आवश्यक तास पुरे झाले होते, तरीही नाही. शर्यत जिंकणारीस दुय्यम आसन, हा न्याय आम्हांस आजही उमगत नाही. बाईंनी ती नोकरी सोडली. काही काळ उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांचे खाजगी विमान चालविले. १९५३ साली डेक्कनसह आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली, तीत त्या रुजू झाल्या व सेवानिवृत्तीपर्यंत तेथेच राहिल्या. पुढे १९८५ साली त्याच इंडियन एअरलाइन्सचे विमान केवळ स्त्रियांनी चालवून नेले, तेव्हा कप्तान होत्या सौदामिनी देशमुख.

येथे आमची एक चूक सांगणे प्राप्त आहे. १९८८च्या सुमारास लातूरकडील एका शाळेत आम्ही सातवीस शिकवीत होतो. पुढे कोण होणार, असे विचारता आपल्याच समाजातील एक मुलगी उभी राहून म्हणाली, विमान चालवीन. वर्ग हसला, आम्हीही हसलो. ती खाली बसली व वर्षभर पुन्हा काही बोलली नाही. माथुरबाई तेव्हा हयात होत्या. १९९२च्या डिसेंबरात त्या वारल्या.