गांधीजी आणि माळ्यावरचे चरखे

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातील आनंद समाज वाचनालयात डिसेंबर १९२० मध्ये स्त्रियांची सभा भरली. मोहनदास करमचंद गांधी तेथे बोलले आणि अनेकींनी आपले दागिने काढून दिले. चरखा व गांधीजी ही जोडी तोवर लोकांच्या मनात रुजू लागली होती. ती वाटते तितकी जुनी मात्र नाही.

१८६९ साली पोरबंदरला जन्मलेल्या, लंडनमध्ये कायदा शिकलेल्या आणि दक्षिण आफ्रिकेत दोन दशके घालविलेल्या या पुरुषाने १९०९ साली 'हिंद स्वराज्य' लिहिले, तेव्हा त्याने चरखा पाहिलाही नव्हता. साबरमतीच्या आश्रमात प्रथम हातमाग आले, सूत गिरणीचेच राहिले. १९१७ साली भडोचच्या शिक्षण परिषदेत भेटलेल्या गंगाबेन मजमुदार यांच्यावर गांधीजींनी चरख्याच्या शोधाचे काम सोपविले. बऱ्याच भटकंतीनंतर बडोदे संस्थानातील विजापूर येथे त्यांना चरखे आढळले, तेही घराघरांच्या माळ्यांवर अडगळीत टाकलेले. पेळू पुरविले आणि सूत विकत घेतले तर पुन्हा कातू, असे तेथील बायकांचे म्हणणे होते. चाक, चाती आणि माळ जुळविणे हे गावच्या सुताराच्या हातचे काम. मोडली होती ती पिंजारी, कातणारी आणि विणकर यांची साखळी. प्रारंभी उमर सोबानींच्या गिरणीतून पेळू आले. गिरणीच्या पेळूवर खादी उभी करणे गांधीजींना खटकले, आणि गंगाबेनांनी पिंजारी शोधून काढला. त्याने मासिक ३५ रुपये मागितले, ते त्या वेळी जास्त वाटले नाहीत. आश्रमात चरख्याची सुधारणा मगनलाल गांधींनी केली.

यंत्राला त्यांचा सरसकट विरोध होता, हा समज टिकणारा नाही. १९२४ साली एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानले. पत्नीचे कष्ट पाहून सिंगरने ते शोधले, ही त्यांची समजूत हळवी होती. इतिहास निराळा आहे. एलायस हाऊचे पेटंट १८४६ चे, सिंगरचे १८५१ चे, आणि सिंगरला हाऊचे स्वामित्वधन भरावे लागले. तरीही निकष स्पष्ट होता : यंत्र कोणाच्या हाताचे ओझे हलके करते? सिंगरचे यंत्र मात्र कारखान्यातच घडते, ही अडचण त्यांच्यासमोर आली तेव्हा असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे असावेत, असे उत्तर त्यांनी दिले.

१९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. यंत्र झोपडीत चालावे, किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, आठ तासांत १६,००० फूट सूत निघावे. दुरुस्तीसह ते वीस वर्षे टिकावे आणि वार्षिक दुरुस्ती किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये, अशीही अट होती. येरवड्याच्या तुरुंगात स्वतः गांधीजी पेटीत मावणाऱ्या चरख्याच्या रचनेत गढले होते. स्पर्धेसाठी किर्लोस्करवाडीहून काळे यांचे यंत्र आले. ते सर्व अटी पुऱ्या करू शकले नाही. १९४८ साली गांधीजी गेले, तोवर ते लाख रुपये कोणासही मिळाले नव्हते.