आधी स्वतःला टोचलं!

मैत्रिणींनो, केदारखेडा असो वा मुंबई, बाळाला सुई टोचताना आईच्या पोटात गोळा येतोच. हाफकिनसाहेबांनी ही भीती ओळखली होती. १८६० साली ओडेसात जन्मलेले वाल्देमार हाफकिन १८९३ मध्ये पटकीची लस घेऊन भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. आधी काय हवं? त्यांनी पटकी बाजूला ठेवून प्लेगची लस हाती घेतली. १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली!

१९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. साहेबांवर ठपका आला, कामावरून दूर केलं. दोष गावात कुपी उघडतानाचा होता, हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडलं. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. पुढे तिथूनच पोलिओचे डोस देशभर गेले.