रडवे गुरुजी

स्मरणिकेसाठी शिक्षकांविषयी लिहा, असं संपादक मंडळाने कळवलं. आपल्या सरांविषयी आणि बाईंविषयी इतर मंडळी लिहिणार आहेतच. मी ज्या शिक्षकाविषयी लिहितो आहे ते आपण जन्मण्याआधीच गेले होते. तरी आपल्या वर्गात एक तास असा झाला होता की मुलींच्या बाजूला रुमाल निघाले आणि मुलांच्या बाजूला सगळ्यांच्याच डोळ्यांत एकदम काहीतरी गेलं. मराठीच्या बाई 'श्यामची आई' वाचून दाखवत होत्या. मधल्या सुट्टीत आपण त्या पुस्तकाची भरपूर टिंगल केली. कोण रडलं नाही याचीच चढाओढ होती.

साने गुरुजींना त्यांच्या हयातीतही लोक रडवे म्हणत. आता साठी ओलांडल्यावर मी त्यांचं चरित्र पुन्हा वाचलं ते याच एका प्रश्नासाठी. हा माणूस कधी आणि कशासाठी रडला?

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९चा, दापोली तालुक्यातल्या पालगडचा. घराणं खोताचं, पण वडिलांच्या काळात उतरती कळा लागलेली. शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे अशी वणवण झाली, तीही अर्धपोटी. १९१७ साली आई गेली. पांडुरंग तेव्हा सतरा वर्षांचा, शिकायला घरापासून लांब, आणि अखेरच्या क्षणी आईजवळ नव्हता. पुढे बी. ए., एम. ए. झालं आणि १९२४ साली ते अमळनेरला शिक्षक झाले. शाळेच्या छात्रालयाचं कामही त्यांच्याकडे आलं. मुलांच्या वळकट्या आवरणं, कंदील पुसणं, आजारी पोराच्या उशाशी बसणं ही सगळी कामं ते स्वतः करत. आईची कामं म्हणायची ती. वसतिगृहात राहिलेल्या आपल्या मित्रांना यातलं मोल मी सांगायला नको.

१९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगाच्या फेऱ्या सुरू झाल्या. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती लिहून घेणारा हात गुरुजींचा. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई'चा बहुतेक भाग लिहून काढला. वय तेहतीस. आईला जाऊन पंधरा वर्षं उलटून गेली होती.

ही पंधरा वर्षं मला फार जवळची वाटतात. माझे वडील गेले तेव्हा मी एकतीसचा होतो. लाकडं, भटजी, गावाहून येणाऱ्यांची सोय हे बघण्यात रडायचं राहूनच गेलं. मोठा मुलगा कसा खंबीर उभा राहिला, असं लोकांनी कौतुकही केलं. ते रडू आलं मी पन्नाशीत असताना, आणि कारण काय, तर माळ्यावर त्यांची जुनी छत्री सापडली. बायको घाबरली. बाईमाणूस त्या त्या वेळी रडून घेतं, आपल्याकडे मात्र थकबाकी साचत जाते, असा माझा अंदाज आहे. गुरुजींना ती फेडायला तुरुंगातल्या रात्री मिळाल्या.

पुस्तकही वयाप्रमाणे बदलतं. बाराव्या वर्षी आपल्याला त्यात फक्त आई दिसली. आंघोळीनंतर पायाला माती लागू नये म्हणून पदर पसरणारी, पोहायला जात नाही म्हणून बदडून काढणारी. या खेपेला मला भाऊ दिसले, श्यामचे वडील. कर्ज वाढतं आहे, सावकाराचा माणूस घरी येऊन वाटेल ते बोलतो आहे, घरची लक्ष्मी ऐकते आहे आणि कर्त्या पुरुषाला काही करता येत नाही. दिलेला शब्द, मुलांच्या फिया, घराचे हप्ते यांच्या चरकातून आपण सगळेच गेलो आहोत. तिथे माझा चष्मा काढावा लागला. शाळेत असताना भाऊंसाठी कुणी रडलं असेल असं मला वाटत नाही.

आचार्य अत्रे यांनी महाराष्ट्राला पोट धरून हसवलं, पण या पुस्तकावर सिनेमा काढायची इच्छा त्यांनाच झाली. १९५३ साली तो आला, वनमाला आई आणि माधव वझे श्याम. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्यालाच मिळालं. ते पाहायला गुरुजी मात्र नव्हते.

रडवा म्हणजे कच्चा, हे समीकरण गुरुजींच्या बाबतीत टिकत नाही. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दरवाजे हरिजनांना उघडावेत म्हणून त्यांनी आधी गावोगाव फिरून लोकमत तयार केलं आणि १ मे १९४७ला उपोषण सुरू केलं. ऐन उन्हाळ्यातलं पंढरपूर. ज्यांच्यासाठी सर्वस्व सोडलं त्या गांधीजींचीच तार आली की उपोषण थांबवा. गुरुजींनी थांबवलं नाही. दहा तारखेला मंदिर खुलं होण्याची खात्री मिळाली, तेव्हाच ते सुटलं.

पुस्तकात एक म्हातारी महारीण आहे. तिची मोळी खाली पडते, उचलून द्यायला कुणी जात नाही. आई श्यामला पाठवते, पण आल्यावर आंघोळ कर असंही सांगते. त्या काळच्या कोकणातल्या बाईची मजल तिथवर होती आणि तीही मोठीच. मुलगा सत्तेचाळिसाव्या वर्षी त्या म्हातारीसाठी थेट देवाच्या दारात उपाशी बसला. लहानपणी स्वतःच्या दुःखाने, मग आईच्या आठवणीने, मग कुणा अनोळखी माणसाच्या अपमानाने डोळे भरून येणं, अशी त्यांची वाट मला दिसते. आपल्यापैकी बहुतेकांची वाट मुलीच्या पाठवणीपर्यंत येते आणि थांबते.

गांधीजींचा खून झाल्यावर गुरुजींनी एकवीस दिवसांचं उपोषण केलं. १५ ऑगस्ट १९४८ला 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. भाषाभाषांतली भिंत जावी म्हणून आंतरभारतीचं स्वप्न मांडलं. बाहेरून पाहणाऱ्याला कामाचा उत्साह दिसला असता. ११ जून १९५०ला, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी झोपेच्या गोळ्या घेऊन आपलं आयुष्य संपवलं.

शाळेत आपल्याला हे सांगितलं नव्हतं, सांगायला हवंही नव्हतं. पण आता आपण त्यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे आहोत. रडल्याने मन मोकळं होतं हे आपण सहज बोलून जातो. जन्मभर मोकळेपणी रडलेल्या या माणसाचं मन मोकळं झालं नाही. भोवती एवढी माणसं असताना त्या रात्री ते एकटेच होते. हे वाचताना आपल्यातला एक मित्र माझ्या डोळ्यांसमोर होता. नाव लिहीत नाही, सगळ्यांना कळेल. गटावर सर्वांत जास्त विनोद तोच पाठवायचा. आपण एकमेकांना साखर किती, बीपी किती, गुडघे कसे, हे नेमाने विचारतो.

संमेलनाला येताना माझी 'श्यामची आई'ची जुनी प्रत बरोबर आणतो आहे. दुसरा मजला, तिसरी खोली. ज्याला हवी त्याने न्यावी, दार उघडंच असेल, आणि मला रात्री तशीही झोप उशिरा लागते.